वस्त्र, पडदा आणि उजेड : कोल्हापुरातील घरच्या साधनांची छायाचित्रकला

हाताने विणलेले किंवा शिवलेले वस्त्र चित्रातून विकायचे, तर चित्राला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत : रंग, पोत आणि अंगावरची पडण. दुकानात गिऱ्हाईक कापड चिमटीत धरते, काठ उलटून पाहते, घडी मोडून पदर खांद्यावर टाकते. चित्रात यातले काहीच करता येत नाही. ही उणीव भरून काढण्याची खटपट दीडशे वर्षांहून जुनी आहे. महाराष्ट्रातला तिचा सर्वांत भरीव इतिहास कोल्हापुरात घडला. पैसा थोडा, यंत्रे दुर्मिळ आणि हात मात्र कसबी, अशा स्थितीत तो घडला. म्हणूनच खिडकीपाशी चादर ताणून, मोबाइलवर कुर्त्याचा फोटो काढणाऱ्या आजच्या कारागिराच्या तो थेट उपयोगाचा आहे.

छायाचित्रांचा जम बसण्याआधी कापडाची जाहिरात कापडानेच होत असे. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये तयार केलेला हिंदुस्थानी वस्त्रांचा संग्रह. त्यात १८ खंड होते आणि ७०० नमुने. प्रत्येक नमुना म्हणजे खऱ्या कापडाचा कातरलेला तुकडा. असे वीस संच केले गेले. त्यांतले तेरा ब्रिटनमध्ये ठेवले आणि सात हिंदुस्थानात पाठवले. इथले लोक काय नेसतात हे तिकडच्या गिरणीवाल्यांनी पाहावे आणि तसा माल यंत्रावर काढावा, हा त्यामागचा हेतू होता. हातमागवाल्यांच्या दृष्टीने हा संग्रह घातक होता. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. कापडाचा तुकडा पोत सांगतो आणि रंगही सांगतो, पण नेसलेले वस्त्र कसे दिसते हे सांगत नाही. धोतर, लुगडे, पागोटे ही न शिवलेली वस्त्रे. त्यांचा आकार नेसण्यातून येतो, आणि तो दाखवायला माणसाचे चित्र लागते.

ती बाजू त्याच सुमारास मुंबईत छायाचित्रांनी उचलली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढे विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या पेहरावांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. या चित्रांत एक हातचलाखी होती. माणसे स्टुडिओत, सारख्या उजेडात उभी करून टिपलेली. मागचा देखावा मात्र वेगळ्या छायाचित्रातून घेऊन जोडलेला. वस्त्र नीट दिसायचे तर पार्श्वभूमी आपल्या ताब्यात हवी, हे या धंद्याला इतक्या लवकर उमगले होते.

रंगाचा प्रश्न मात्र पुढची साठ-सत्तर वर्षे सुटला नाही. सुरुवातीच्या काचांवरचे रसायन फक्त निळा आणि जांभळा प्रकाश ओळखत असे. नंतर आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला हिरवा कळू लागला, तरी लाल कळत नव्हताच. त्यामुळे लाल शालू चित्रात काळाकुट्ट उतरे आणि फिकट निळे लुगडे धुऊन टाकल्यासारखे पांढरे. कुंकवाची चिरी काळी दिसे. पांढऱ्याशुभ्र धोतराची झळाळी इतकी पसरे की निऱ्या एकमेकींत मिसळून जात. त्या काळच्या एखाद्या जुन्या कौटुंबिक फोटोत आजीची साडी काळी दिसते म्हणून ती काळी होती असे समजू नये. बहुधा ती लाल किंवा कुसुंबी असेल. या अडचणीमुळे वस्त्राचा खरा रंग दाखवण्याचे काम बराच काळ चित्रकाराकडेच राहिले.

कोल्हापूर इथे या कथेत शिरते. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलचे नामवंत अध्यापक झाले. ऑटो रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी प्रांतोप्रांतीच्या पेहरावांची रंगीत चित्रे काढली. ओच्याचा फुगवटा कुठे येतो, कासोटा कुठे खोचतात, पदर खांद्यावरून कसा घेतात, हे त्यांत इतके नेमके आहे की वस्त्रांच्या अभ्यासकाला आजही त्यावर विसंबता येते. दरबारचे चित्रकार आबालाल रहिमान हेही कोल्हापूरचेच. जे. जे. मधले नावाजलेले हे कलावंत शहरात परत येऊन १९३१ मध्ये निधन होईपर्यंत इथेच चित्रे काढत राहिले. शाहू महाराजांच्या काळात अशा कलावंतांना आधार होता, नाटक मंडळ्यांना आश्रय होता आणि कापडाच्या धंद्यालाही चालना मिळत होती. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. चित्र आणि कापड यांची वाढ एकाच संस्थानच्या परिसरात, एकाच दशकात झाली.

तरीही खरा पाया घातला तो नाटकांच्या पडद्यांनी. संगीत नाटकाला दरबार, रस्ता, जंगल, महाल असे ठरावीक पडदे लागत. मांजरपाटाचे लांबरुंद कापड चौकटीवर ताणायचे, त्यावर सरस आणि खडूचा हात द्यायचा, सुकले की कोरडे रंग सरसात कालवून देखावा रंगवायचा. पडदा रंगवणाऱ्याला एक व्यवधान कायम ठेवावे लागे : पुढे उभ्या राहणाऱ्या नटाचा भरजरी शालू पडद्यात बुडता कामा नये. मागचे रंग थोडे उतरवायचे, खोली दाखवायची, पण पात्रावरची नजर हटू द्यायची नाही. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम हिंदुस्थानात या कामात ज्यांचे नाव सर्वांत पुढे होते, ते आनंदराव आणि बाबुराव मेस्त्री हे कोल्हापूरचे चुलतभाऊ. लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणत आणि पुढे तेच आडनाव झाले. १९१५ मध्ये कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभे राहिले, म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. त्या रंगभूमीच्या भरभराटीत या दोघांची नजर तयार झाली.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर दोघे भाऊ चित्रपटाच्या मागे लागले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला, त्यावर चित्रपट दाखवले आणि यंत्राचा अभ्यास केला. प्रोजेक्टरमध्ये फिल्म क्षणभर थांबते, पुढे सरकते, पुन्हा थांबते. कॅमेऱ्यातही नेमके हेच घडते. ही जात कळल्यावर कॅमेरा घरी बनवता येईल, असा त्यांना विश्वास वाटला. आनंदराव कॅमेरा जुळवत असतानाच १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. अर्धवट राहिलेले काम बाबुरावांनी विष्णुपंत दामले या शिष्याच्या साहाय्याने चालू ठेवले आणि १९१८ मध्ये चालता कॅमेरा सिद्ध झाला. तत्पूर्वी १ डिसेंबर १९१७ रोजी महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली होती. तिला भांडवल दिले गायिका तानीबाई कागलकर यांनी. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात एका गायिकेच्या पदराच्या गाठीतून आलेला हा पैसा जितका सांगितला जायला हवा, तितका सांगितला जात नाही. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ उभा आहे. तिथे दरवर्षी १ डिसेंबरला कॅमेऱ्याचे पूजन होते.

या घरच्या कॅमेऱ्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पुण्यात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना सुवर्णपदक आणि ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पण वस्त्राच्या चित्रणाच्या दृष्टीने बाबुरावांचे मोठेपण यंत्राच्या पलीकडचे आहे. चित्रीकरणाआधी ते प्रत्येक पात्राचे रेखाटन करत. पेहराव, उभे राहण्याची ढब, हालचाल सारे कागदावर आधी ठरे. कोणते वस्त्र कोणत्या पार्श्वभूमीवर येणार हे चित्रकाराला आधीच दिसत असे. स्वतः पडदे रंगवून नाव मिळवलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगवलेला पडदा काढून टाकला आणि त्या जागी खऱ्या भिंती, खांब, दारे असलेले नेपथ्य उभारले. कारण सरळ होते. रंगवलेल्या पडद्यावर सावली आधीच रंगवलेली असते. तिची दिशा सूर्याच्या दिशेशी जुळली नाही की खोटेपणा उघडा पडतो. खऱ्या खांबावर आणि खऱ्या शेल्यावर एकाच बाजूने ऊन पडले की शेल्याची घडी डोळ्यांना जाणवते. कागलचे फत्तेलाल, म्हणजे कंपनीतले साहेबमामा, हे या नेपथ्याच्या आणि वेशभूषेच्या कामातले मोठे नाव. पुढे दामले आणि फत्तेलाल ही जोडी ‘संत तुकाराम’साठी जगभर ओळखली गेली.

उजेड सूर्याचाच. त्या काळच्या सगळ्याच स्टुडिओंमध्ये उघड्यावर किंवा काचेच्या छपराखाली काम चाले. डोक्यावरचे ऊन कडक झाले की वर पांढरे कापड ताणून ते गाळून घ्यायचे आणि चेहऱ्याच्या व वस्त्राच्या अंधाऱ्या बाजूला चंदेरी कागद चिकटवलेल्या फळ्यांनी उजेड परतवायचा. ही दोन साधने, गाळणारे कापड आणि परतवणारा फळा, वस्त्राच्या चित्रणात आजपर्यंत टिकून आहेत. त्यांना लागणारा खर्च नगण्य आणि मिळणारा लाभ मोठा. कडक उन्हात रेशीम चमकून पांढरे पडते आणि सुताची वीण सावलीत गडप होते. गाळलेल्या उजेडात दोन्ही दिसतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र सूर्य दिवस-दिवस दिसत नाही. ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, बाबुरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला आणि सूर्यावरचे अवलंबन सुटायला सुरुवात झाली.

१९२५ चा ‘सावकारी पाश’ वस्त्रांच्या अंगाने वेगळा उभा राहतो. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरच्या या चित्रपटात देवादिकांचा जरतार नव्हता. होता तो कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा पेहराव. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत कोल्हापूरचेच व्ही. शांताराम होते. जाडेभरडे हातविणीचे कापड, त्याचा मळ, त्याच्या चुण्या हेही चित्राचा विषय होऊ शकतात, हे या चित्रपटाने दाखवले. भारी वस्त्र दाखवायला झळाळी पुरते. साधे वस्त्र दाखवायला त्याची वीण दिसावी लागते आणि ते काम अधिक अवघड असते.

प्रसिद्धीचा विचारही बाबुरावांनी आधी केला. १९२१–२२ च्या सुमारासच त्यांनी चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढल्या. भित्तिपत्रके ते स्वतः रंगवत. ‘कल्याण खजिना’चे १९२४ मधले भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक आहे. छायाचित्र काळे-पांढरे आणि पत्रक रंगीत, अशी ही विभागणी होती. वीण आणि घडी कॅमेऱ्याने सांगायची, रंग कुंचल्याने.

ही विभागणी मोडण्याचा प्रयत्नही कोल्हापूरच्याच माणसांनी केला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि लाल रंग काळा दिसण्याची अडचण गेली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. त्याच वर्षी प्रभातने ‘सैरंध्री’ पुन्हा, आणि या वेळी रंगात, काढला. त्यावरील रंगाची प्रक्रिया जर्मनीत करून घेतली. रंग मनासारखे उतरले नाहीत. तरी वस्त्रालंकारांनी नटलेली ही कथाच रंगासाठी निवडली गेली, यात एक सुसंगती दिसते.

यानंतरची काही दशके झरझर सांगता येतात. चित्रपटाच्या स्टुडिओंत तयार झालेले हात आणि तिथली जाण शहरात पसरली. पेठांतल्या फोटो स्टुडिओंत रंगवलेला पडदा, लाकडी कठडा आणि बाजूला फुलदाणी ही मांडणी स्थिर झाली. लग्न ठरवण्यासाठी मुलीचा फोटो काढताना साडीचा पदर फोटोग्राफर स्वतः सांगून लावून घेई, निऱ्या सारख्या करवून घेई. वस्त्राचे चित्रण इथे माणसाच्या चित्रणात दडले होते. कापडविक्रेत्याला स्वतंत्र छायाचित्राची गरज फारशी नव्हती. महाद्वार रोडवर अंबाबाईच्या दर्शनाला आलेले गिऱ्हाईक पायी येत होते आणि दुकानातल्या गादीवर साडी उलगडून दाखवली की काम भागत होते. छापील कॅटलॉग आले ते सुरतेच्या साड्यांबरोबर, मोठ्या व्यापाऱ्यांच्या खर्चाने. हाताने शिवणाऱ्या, विणणाऱ्या माणसाला असा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून त्याचा माल चित्राविनाच राहिला.

चित्र बदलले ते मोबाइलने. सप्टेंबर २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसवर पुढच्याच वर्षी मालाची यादी फोटोंसह मांडण्याची सोय झाली. गडहिंग्लजच्या बचत गटातली गोधडी, घरी शिवलेली खणाची चोळी, परकर-पोलके, भरतकामाचा कुर्ता हे सारे आता पुण्या-मुंबईत फोटोवरून विकले जाऊ लागले. कारागिराच्या हातात पहिल्यांदाच स्वतःचा कॅमेरा आला. गिऱ्हाईक आणि वस्त्र यांच्यामध्ये फोटोखेरीज काही उरले नाही, त्यामुळे रंग, पोत आणि पडण हे जुने तिन्ही प्रश्न पुन्हा पुढे उभे राहिले.

त्यांची उत्तरे बाबुरावांच्या स्टुडिओत होती तीच आहेत. पहिले उजेडाचे. उत्तरेच्या खिडकीतून किंवा सोप्यातून येणारा, थेट ऊन नसलेला उजेड वस्त्राला सर्वांत मानवतो. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर धुतलेले पांढरे धोतर ताणले की काम होते. वस्त्राच्या दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्मोकोलचा फळा उभा केला की सावली हलकी होते. थर्मोकोल नसेल तर पुठ्ठ्यावर पांढरा कागद पुरतो. घरातला दिवा मात्र बंद ठेवावा. दिवसाचा उजेड निळसर आणि पिवळ्या बल्बचा उजेड तांबूस; दोन्ही एकत्र आले की एकाच कुर्त्याच्या दोन बाह्या दोन रंगांच्या दिसतात आणि माल परत येतो. पावसाळ्यातला ढगाळ दिवस चित्रपटवाल्यांना नको असे, पण स्थिर फोटोला तो चांगला. आभाळच उजेड गाळून देते. फोन तिवईवर किंवा पाट-डब्यांच्या रचनेवर पक्का ठेवला की कमी उजेडातही चित्र हलत नाही.

दुसरे पार्श्वभूमीचे. पडदे रंगवणाऱ्यांचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो : मागचा रंग वस्त्रापेक्षा उतरता हवा. न धुतलेला मांजरपाट इस्त्री करून भिंतीवरून जमिनीपर्यंत सलग सोडला की भिंत आणि जमीन यांच्यातला सांधा दिसत नाही आणि गडद रंगाचे वस्त्र उठून येते. पांढऱ्या वस्त्राला मागे शेणाने सारवलेली भिंत किंवा वाड्याचा काळा दगड शोभतो. फुले, भांडी, समया यांची आरास टाळावी. तिने वस्त्र झाकले जाते.

तिसरे प्रकाशाच्या मापाचे, आणि इथे काळी घोंगडी चांगली परीक्षा घेते. पट्टणकोडोलीच्या बिरदेव यात्रेच्या परिसरात धनगरांच्या अंगावर दिसणारी घोंगडी दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची असते. सणगर समाजाचे कारागीर ती खड्ड्याच्या मागावर विणतात आणि ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. कॅमेरा प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या रंगाकडे ओढतो. म्हणून काळी घोंगडी त्याला अंधार वाटते, तो उजेड वाढवतो आणि घोंगडी राखाडी उतरते. तिथे प्रकाशाचे माप हाताने थोडे खाली आणावे लागते आणि पांढऱ्या सुती कुर्त्याला वर न्यावे लागते, नाहीतर तो मळका दिसतो. लोकरीचा खरखरीतपणा समोरून येणाऱ्या उजेडात सपाट होतो. उजेड एका कडेने, जवळजवळ कापडाला घासून आला की एकेक धागा उभा राहतो. सुताच्या वीणकामाला, गोधडीच्या टाक्याला आणि भरतकामालाही हाच कडेचा उजेड हवा.

पडण दाखवायला माणूस लागतो. नऊवारीचा फोटो हँगरवर कधीच नीट येत नाही. घरातल्या कुणीतरी ती नेसलेली असली पाहिजे. शिवलेल्या कपड्याला ते जमले नाही तर दोरीवरचा हँगर चालतो, पण इस्त्री आधी आणि फोटो मग. शिवण, काज, गळ्याची पट्टी, उलटी बाजू आणि टेपजवळ धरलेली लांबी यांचे वेगळे जवळचे फोटो हवेत. गिऱ्हाईक दुकानात जे चाचपून पाहते, ते दाखवण्याचा दुसरा मार्ग नाही.

चित्राला किती वजन असते हे कोल्हापूरने जून २०२५ मध्ये पाहिले. मिलानमधल्या प्राडा कंपनीच्या फॅशन शोचे फोटो मोबाइलवर पोहोचले आणि कोल्हापुरी चपलेची घडण इथल्या कारागिरांनी ताबडतोब ओळखली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या चपलेचा उल्लेख कंपनीने सुरुवातीला केला नव्हता. आवाज उठल्यावर तिने मूळ मान्य केले. वस्तूचा स्पष्ट, तारखेसह ठेवलेला फोटो हा विक्रीचा आधार असतो तसाच हक्काचा पुरावाही असतो. म्हणून कोल्हापुरातल्या प्रत्येक विणणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसाने आपल्या प्रत्येक नव्या वस्त्राचे फोटो विकण्याआधी काढावेत आणि मूळ फाइली जपून ठेवाव्यात.